'उफ्' सुद्धा म्हणू नका

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

परवा धरणगावहून जळगावला येताना बसमध्ये पंच्याहत्तरीच्या वरचे एक चाचा उभे होते, एका हातात औषधाची पिशवी, दुसऱ्या हाताने दांडा धरलेला, पाय लटलट कापत होते आणि समोरच्या सीटवर दोन कॉलेजची पोरं रील बघत बसलेली, शेवटी भाजीची पाटी घेतलेल्या एका मावशीनेच उठून जागा दिली. सरकारने २०२२ पासून ७५ च्या वरच्यांना एसटी फुकट केली, पण बसायला जागा तर आपणच द्यायची ना!

मी मुसलमान आहे. कुराणात १७ व्या सूरेत म्हणजे अध्यायात साफ सांगितलंय की आईबाप म्हातारे झाले तर त्यांना 'उफ्' सुद्धा म्हणू नका, उफ् म्हणजे काय तर नुसता वैतागाचा उसासा, तेवढाही नको. मदरशात हे पोरांकडून पाठ करून घेतात पण घरी अब्बाच दादांवर, म्हणजे आजोबांवर, खेकसत असेल तर पोरगं तेच शिकणार.

आणि हे फक्त आमचंच नाही हो, शेजारी आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला घागर भरतात, गेलेल्या वाडवडिलांना पुरणपोळी न् आमरसाचं पान वाढतात, मी लहानपणापासून बघतोय. त्या घरची आजी ओट्यावर बसायची, शाळेत जाताना आम्ही सलाम केला की "सुखी ऱ्हाय रे भाऊ" म्हणायची.

माझी शाळांना विनंती आहे, महिन्यातून एक तास गल्लीतल्या कुणा आजी-आजोबांना वर्गात बोलवा, त्यांना बोलू द्या, पोरांना मोबाईल बाजूला ठेवून ऐकू द्या, खर्च एक रुपया नाही.

एक वाचक, ता. धरणगाव