आधी वारा बघ

चि. मेघना,
अनेक आशीर्वाद.

केमिकल प्लान्टमध्ये शिफ्ट इंजिनिअर म्हणून लागलीस, तुझी आई गल्लीभर पेढे वाटून आली. मी इंडक्शनबद्दल विचारलं तर म्हणालीस, "बाबा, सेफ्टीचं सगळं पीपीटीत होतं." म्हणून हे लिहायला बसलो. माझी सगळी नोकरी ऑपरेटर म्हणून गेली, तेव्हा थोडं ऐकून घे.

आमच्याकडे एकदा नायट्रिक अॅसिडचा कॅन फुटला. नव्या हेल्परनं घाईघाईनं लाकडाचा भुसा आणून त्यावर ओतला. तेल सांडलं की आपण तेच करतो ना! पण नायट्रिक जळणाला स्वतःच ऑक्सिजन पुरवतं, त्याला भुसा म्हणजे सरपण. बघता बघता भुसा धुमसायला लागला आणि तपकिरी धूर जमिनीलगत सरकू लागला. आमच्या सुपरवायझरनं आधी मान वर करून विंड सॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, पाहिला, मग सगळ्यांना वारा येत होता त्या बाजूला काढलं. हेल्पर म्हणत होता, "मला काही झालं नाही." तरी त्याला दवाखान्यात धाडलंच. हा धूर छातीत गेलेला माणूस काही तास ठणठणीत असतो आणि मग रात्री फुफ्फुसांत पाणी भरतं. तुझ्या शिफ्टला "बरं वाटतंय" म्हणणाऱ्याचं मुळीच ऐकू नकोस.

सॉल्व्हंटची, म्हणजे टोल्युइनसारख्या पेट घेणाऱ्या द्रावकांची, गोष्ट निराळी. टोल्युइनची वाफ हवेपेक्षा जड, ती गटारातून रांगत लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. म्हणून सांडलं की आधी गटाराचं तोंड बंद करायचं. आसपासचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही. पेटलंच तर पाण्याचा पाइप नको, सॉल्व्हंट पाण्यावर तरंगत पसरतं. तिथे फोम किंवा पावडर. आणि आग विझवायचा सिलिंडर उचलण्याआधी ओरड, अलार्म दाब. हातातला सिलिंडर अर्ध्या मिनिटात रिकामा होतो, त्यामुळे बाहेरचा दरवाजा कायम पाठीशी हवा. तेवढ्यात आग विझली नाही तर सिलिंडर टाकून बाहेर पड. यात कमीपणा कसला?

ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या, टाकीबद्दल मात्र मी हट्टी आहे. आत कुणी कोसळलेला दिसला की मागचा धावतो, त्याच्या मागे तिसरा. तिथे साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी गॅसला कुजक्या अंड्याचा वास येतो हे पुस्तकात वाचलं असशील. गॅस जास्त असेल तर नाकच बधिर होतं, वास येतच नाही. एअर सेट (पाठीवरच्या हवेच्या नळकांड्याचा मास्क) आणि दोर लावल्याशिवाय कुणालाही उतरू देऊ नकोस, मग तो तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा असला तरी. शिव्या देईल, देऊ दे.

दरवर्षी 14 एप्रिलला तुमच्याकडेही अग्निशमन दिन होईल, बिल्ले लावतील. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज पेटलं. पोटात कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळा, एकाच जहाजात! कापूस धुमसत राहिला, बंबवाले पाणी मारत राहिले आणि चार वाजून गेल्यावर स्फोट झाला. आगीशी झुंजणारे 66 जवान गेले. तुझ्या गोडाउनमध्ये कशाशेजारी काय ठेवलंय, ते स्टोअरकीपरच्या रजिस्टरवर विसंबून न राहता स्वतः चालत जाऊन बघ. अॅसिडच्या शेजारी सायनाइड किंवा सल्फाइड असेल, तर संध्याकाळपर्यंत हलवून घे.

भोपाळनंतर, 1987 साली, कारखाना कायद्यात एक कलम आलं: धोका दिसला तर कामगारानं तो वरिष्ठांच्या कानावर घालायचा आणि त्यांनी लगेच उपाय करायचा. आता ती वरिष्ठ तू आहेस. फ्लँजमधून, म्हणजे पाइपाच्या जोडातून, थेंब येतोय म्हणून रात्री अडीचला कुणी तुझ्याकडे आला, तर "सकाळी बघू" म्हणू नकोस.

रविवारी फोन करशील तेव्हा एवढं सांग: तुझ्या रिअॅक्टरपासून इमर्जन्सी शॉवर किती पावलांवर आहे आणि त्याला पाणी येतं का. डोळ्यांत किंवा अंगावर उडालं तर निदान पंधरा मिनिटं धुवावं लागतं, तेव्हा धार नीट आहे का तेही बघ. उघडून बघून सांग, बोर्ड वाचून नको.

आईनं मेतकूट पाठवलंय, डब्याचं झाकण घट्ट लाव.

तुझे,
बाबा