ड्रेसिंगवाल्या सिस्टरना उघडं पत्र

सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, लिहिलं तर रागवाल.

मे महिन्यात बाबा भर दुपारी नागपूरच्या टेकडी गणपतीला गेले. चपला बाहेर, फरशी तव्यासारखी, आणि बाबांना काही जाणवलंच नाही. वीस वर्षांच्या शुगरने तळपायाच्या नसा केव्हाच बधिर केल्या होत्या. रात्री आईला चादरीवर ओला डाग दिसला. मग आमची घरची डॉक्टरकी सुरू झाली: हळद, पंख्याचा वारा आणि ‘खपली धरली की झालं’. तीन आठवड्यांत जखम वरून काळी, कोरडी झाली आणि आतून वाढत गेली.

तुम्ही ती खपली मऊ करून काढली तेव्हा मी तुमच्यावर खेकसलो. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “काहून सुकवता भाऊ? काठच्या पेशींनी यायचं कुठून?”

ते मला तेव्हा कळलं नाही. दर दिवसाआड थोडं थोडं तुम्हीच समजावलंत. जखमेच्या काठच्या पेशी एकमेकींना सोडून ओल्या जागेवरून सरकत मध्ये येतात; खपली आडवी आली की त्यांना तिच्याखालून पोखरत वाट काढावी लागते. पुढे मी वाचलं, जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ साली डुकरांच्या जखमांवर हेच दाखवलं होतं. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. साठ वर्षं उलटली, आमच्याकडे अजून पंखाच!

बाबांची जखम अडली का, हेही तुमच्याकडूनच कळलं. भक्षक पेशी आधी जंतू आणि मेलेलं मांस साफ करतात, मग दुरुस्तीचे निरोप सोडतात. शुगर चढलेली असली की त्या साफसफाईतच अडकतात. कोलॅजेन (कातडीला ताकद देणारं धाग्यांसारखं प्रथिन) तोडणारी एन्झाइम्स चालूच राहतात, म्हणजे इकडे विणलं की तिकडे उसवलं. म्हणून इन्सुलिनच्या वेळेवरून तुम्ही आईलाही बोललात. पाय टेकवू दिला नाहीत. कोलॅजेनच्या तीन धाग्यांचा पीळ नीट बसायला क जीवनसत्त्व लागतं, म्हणून जेवणात लिंबू आलं. संत्र्यांच्या गावात मे महिन्यात दुसरं काय मिळणार?

दर सोमवारी तुम्ही पारदर्शक प्लॅस्टिकवर जखमेची कड पेनाने गिरवायचा. असे अकरा तुकडे माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. पहिला रुपयाच्या नाण्यापेक्षा बराच मोठा, शेवटचा मुगाच्या दाण्याएवढा.

शेवटच्या दिवशी फीचं पाकीट घेताना तुम्ही बजावलंत, “भरली म्हणजे पहिल्यासारखी झाली नाही. ही कातडी फार तर ऐंशी टक्के ताकदीची होईल, तीही कित्येक महिन्यांनी.” तुमच्या उपकाराचे आभार मानायचे त्या दिवशी राहिले, आणि माफीही. दोन्ही आज.

बाबा आता सकाळी सातला, मोजे घालून टेकडीवर जातात. कुणी टोकलं तर सांगतात, “गणपतीला मोजे चालते, सिस्टरला अनवाणी नाही चालत.”

तुमचा,
खेकसणारा भाऊ