जंजाळ्याला निघण्याआधी

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, तुमच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपचा बेत फोनवर कळला. नोव्हेंबरात अजिंठ्याच्या डोंगरातली घटोत्कच लेणी, जंजाळ्याचा किल्ला, वेताळवाडीचा किल्ला आणि एक रात्र तंबूत. जरूर जा. अठरा जणांतले बहुतेक साठीच्या पुढचे असले तरी हा भाग तुम्हाला झेपेल. फक्त आखलेला क्रम फिरवा. तुम्ही वेताळवाडी पहिल्या दिवशी दुपारी धरली आहे. तीन-चार तास गाडीत गुडघे दुमडून बसायचं, वर जेवण करायचं आणि लगेच ऊन डोक्यावर घेऊन चढायचं, हे काही बरोबर नाही.

जंजाळा गाव पठारावरच आहे आणि किल्लाही त्याच पठाराच्या टोकाला. म्हणजे गाडीतून उतरलं की सपाट चाल. लेणी मात्र कड्याच्या पोटात आहेत, तिथे घळीत उतरावं लागतं. तेव्हा पहिल्या दिवशी सकाळी लेणी, दुपारी गावात जेवण आणि आडवं होणं, तीननंतर किल्ला, मुक्काम जंजाळ्यातच. वेताळवाडी दुसऱ्या दिवशी, साडेसातला पायथ्याशी. तोही सोयगावच्या बाजूच्या वेताळवाडी गावातून नाही, तर हळद्याच्या घाटातून. घाटरस्ता किल्ल्याच्या बराच जवळून जातो, त्यामुळे चढ निम्म्यावर येतो. सरावातली माणसं अर्ध्या तासात वेताळवाडीच्या जंजाळा दरवाजाशी पोचतात, तुम्ही एक तास धरा. कुणीतरी सुचवेल की घाटातून चढू, गावाकडे उतरू, गाडी तिकडे बोलावू. ऐकू नका. आलेली वाट पायाखालची असते, कुठे दगड डगमगतो ते ठाऊक असतं. नवी उतरण लांब पडली तर परतायची सोय राहत नाही.

जालन्याहून पहाटे साडेपाचला निघा. राजूरला गणपतीसमोर हात जोडून भोकरदन, अन्वा, गोळेगाव, उंडणगाव असं या. अन्व्याचं महादेवाचं देऊळ वाटेवर आहे, चहा-नाश्ता तिथेच उरका. कोरीव काम पाहायला अर्धा तास ठेवा, जास्त नको, नाहीतर लेणी भर उन्हात येतील.

आता मुख्य गोष्ट, उतरण. चढताना धाप लागते म्हणून आपण जपून असतो. उतरताना दम लागत नाही, गप्पा रंगतात आणि पडणं तिथेच होतं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलत असतो. त्याला सवय नसेल तर तासाभरात तो थरथरायला लागतो आणि मग पाऊल टाकतो तिथे पडत नाही. रोज सपाट रस्त्यावर पाच किलोमीटर चालून ही सवय होत नाही. म्हणून आजपासून आठवड्यातून तीनदा अपार्टमेंटचे चार मजले चढा आणि जिन्यानेच उतरा. लिफ्टनं खाली आलात तर सरावाचा उपयोग नाही. पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्या, मग एकेक वाढवत सहापर्यंत. निघायच्या आधीचे तीन दिवस काहीच करू नका.

आई, तुझ्या उजव्या गुडघ्यासाठी एक नियम घोकून ठेव: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, म्हणजे डाव्या. सपाटीवर काठी धरल्यावर कोपर काटकोनात यायला हवं, उतरणीला काठी चार बोटं लांब हवी. बांबूची काठी चालेल, फक्त टोकाला रबराची टोपी बसव. ओल्या काळ्या पाषाणावर नुसतं लाकूड सटकतं.

बूट. माळ्यावर ठेवलेले जुने ट्रेकचे बूट दोघंही वापरायचं म्हणताय. ते आजच खाली काढा आणि तळ अंगठ्यानं दाबून, वाकवून बघा. बूट न वापरता पाच-सहा वर्षं पडून राहिला की हवेतल्या ओलाव्यानं तळातला फोम आणि डिंक कुजतो. बाहेरून नवाकोरा दिसतो, पण किल्ल्यावर पहिल्याच उतरणीला सगळा तळ पावासारखा सुटून येतो. भुकटी पडली किंवा कड उचकटली की तो बूट बाद. नवा घ्यायचा तर संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजे घालून, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा ठेवून घ्या आणि महिनाभर त्यातच फिरा. पायाची नखं निघायच्या तीन-चार दिवस आधी कापा. उतरणीला लागण्याआधी घोट्याजवळची नाडी घट्ट आवळा, नाहीतर पाय पुढे सरकून नखं काळीनिळी होतात.

बाबा, साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधी भेटा. दिवसभर चालणार, घाम येणार, हे सांगून गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा विचारून घ्या. बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात, उन्हात त्यांचा हिशोब बदलतो. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका. चालताना दर दीड तासाला काहीतरी खा. हात थरथरले, थंड घाम आला, उगाच चिडचिड झाली तर आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, बसा, पंधरा मिनिटांनी परत बघा. साखरेची पुडी तुमच्याच खिशात हवी, दुसऱ्याच्या पिशवीत नको.

पाणी माणशी दिवसाला ३ लिटर. त्यातलं दीड लिटर पाठीवर, बाकी गाडीत. अठरा जणांचे दोन दिवसांचे १०८ लिटर झाले. स्वयंपाक, चहा, तोंड धुणं धरून २० लिटरचे आठ जार घ्या. किल्ल्यावर खडकात खोदलेली टाकी आहेत, पण ते पाणी तसंच पिऊ नका. वेळ आलीच तर फडक्यातून गाळून, खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळू द्या. मीठ-साखरेचं पाणी घरीच जमतं: १ लिटर पाण्याला सपाट ६ चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर ते अपाय करतं, म्हणून चमचा सपाट करूनच मोजा.

जेवणाचं आईला काय सांगायचं! तरी दोन गोष्टी. पहिल्या दिवसाला धपाटे चालतील, पण पिठात दही आणि कांदा नको, दुपारपर्यंत आंबतात. नुसते तीळ, ओवा, तिखट घालून तेलावर कडक भाज. दुसऱ्या दिवसासाठी दुधात मळलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. रात्री मुक्कामी मुगाची खिचडी: अठरा जणांना दीड किलो तांदूळ, पाऊण किलो डाळ, ९ लिटर पाणी आणि २० लिटरचं पातेलं. लहान पातेल्यात उतू जाते, खाली लागते आणि अंधारात कुणाच्या लक्षात येत नाही.

मुक्काम लेण्यात किंवा किल्ल्यावर करायचा नाही. घटोत्कच लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, तिथे रात्र काढणं, चूल पेटवणं मना आहे. गावात ग्रामपंचायतीला आधी फोन करून शाळेचं किंवा देवळाचं पटांगण मागा. शौचालयाची सोयही तिथेच होते आणि तुमच्या वयाला ती तंबूपेक्षा महत्त्वाची. नोव्हेंबरात गवत वाळलेलं असतं, त्यामुळे शेकोटीचा हट्ट कुणी धरला तर मोडून काढा.

तिघांचा तंबू दोघांना घ्या. आधी जागेवर आडवं पडून बघा, पाठीला खडा लागला तर तो काढा. नाल्याच्या पात्रात, वाळक्या फांदीखाली, उतारावर नको. मुरमाड जमिनीत खुंट्या जात नाहीत, ठोकून ठोकून वाकतात. तिथे दोरीचा फास मोठ्या दगडाला घालून वर दुसरा दगड ठेवायचा. खुंटी जातच असेल तर तिचं डोकं तंबूपासून बाहेर कललेलं हवं. खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा वीतभर लहान हवी. बाहेर डोकावली की तिच्यावर दव गोळा होतं आणि ओघळून अंगाखाली येतं. थंडी वाजते म्हणून तंबूच्या खिडक्या गच्च लावू नका, श्वासाची वाफ आत अडकून पहाटे छतावरून थेंब टपकतात. पठारावर पहाटे चांगला गारठा पडतो आणि तो खालून येतो, म्हणून एक घोंगडी पांघरायला असेल तर दोन खाली घाला. बूट तंबूच्या आत ठेवा, सकाळी उलटे करून झटकल्याशिवाय पाय घालू नका. विंचू उबेला येतो. रात्री दोन पावलं जायचं असलं तरी बॅटरी हवीच.

साप चावला तर दोरी आवळणं, चिरा देणं, चोखणं यातलं काहीही नाही. माणसाला हलू न देता, तो अवयव लाकडाच्या पट्टीला बांधून १०८ ला फोन आणि सिल्लोडचं सरकारी रुग्णालय. घळीत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून गाडी आणि ड्रायव्हर कायम रस्त्यावर तयार ठेवा.

त्याहून जास्त भीती आग्या मोहोळाची. कड्यात, कमानीत, लेण्याच्या कपाळावर ती लटकलेली असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा, दगड मारणं, एवढ्यानं ती उठतात. लेण्याच्या तोंडाशी आधी वर बघा, मोहोळ दिसलं तर खालून गुपचूप जा किंवा परत फिरा. माश्या उठल्याच तर पदर, उपरणं डोक्या-तोंडावर घेऊन तिथून दूर निघा, हात झटकू नका. काटा नखानं खरवडून काढा, कसा यापेक्षा किती लवकर याला महत्त्व आहे. ओठ सुजले, श्वास अडला तर घरगुती उपाय नाही, सरळ दवाखाना.

लेण्यात शिरल्याबरोबर चालू नका. बाहेरच्या लख्ख उन्हातून आल्यावर डोळे अंधाराला सरावायला पाच-दहा मिनिटं घेतात, आणि उंबरा नेमका तेव्हाच लागतो. हा बौद्ध भिक्षूंचा विहार आहे, ५व्या शतकातला. ओसरीच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतला लेख आहे, वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा. त्यात त्याच्या घराण्याची वंशावळ आहे. अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणंही याच वराहदेवानं कोरवून घेतलं. लेख झिजलेला आहे, त्यावर समोरून बॅटरी मारली तर नुसता दगड दिसतो. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरा, उजेड घासत जाऊ द्या. मग अक्षराच्या एका कडेला बारीक सावली धरते आणि ओळी उठून येतात. पाणी शिंपडणं, खडू चोळणं, बोट फिरवणं कुणालाही करू देऊ नका. दीड हजार वर्षं टिकलेलं अक्षर हाताच्या घामानं जातं. बाबा, तुम्ही शाळेत इतिहास शिकवलात, तेव्हा ही दहा मिनिटं सगळ्यांना खाली बसवून तुम्हीच समजावून सांगा.

वेताळवाडीला दरवाजाशी थांबून तिथवर येणारी वाट नीट निरखा. ती सरळ आत जात नाही, दोन बुरुजांच्या आडून वळून दरवाजासमोर येते. हत्तीला धावत येऊन धडक द्यायला जागाच ठेवलेली नाही आणि वळणावर अडलेला शत्रू वरच्या माऱ्यात सापडतो. वर शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, कोरलेले आहेत. आत गेल्यावर मात्र तटाच्या कडेला टेकायचं नाही. पिंपळ-वडाची मुळं चुन्यात शिरून दगड सुटे झालेले असतात, बाहेरून भिंत शाबूत दिसते. आणि त्या महिन्यात कमरेएवढी कुसळी उभी असते, तिच्यात जमिनीच्या पातळीवरची उघडी टाकी झाकून जातात. पायवाट सोडायची नाही, सोडावीच लागली तर पुढे काठी ठोकत जायचं. फोटोसाठी मागे मागे सरकणारा माणूस टाक्यातच जातो. कुसळं मोज्यात घुसतात, ती वरच्या वर काढा, पायाला जखम करतात.

चालताना सगळ्यात पुढे वाट माहीत असलेला गावचा माणूस, त्याच्या मागे सगळ्यात हळू चालणारी व्यक्ती, आणि शेवटी शिट्टी घेतलेलं एक जबाबदार माणूस, ज्याच्या मागे कुणी राहायचं नाही. हळू चालणाऱ्याला मागे ठेवलं तर तो पोचेपर्यंत बाकीच्यांची विश्रांती संपलेली असते, त्याला बसायलाच मिळत नाही. चालता चालता सलग बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे असं समजा. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं बसा, पंधरा नाही, अंग थंड पडतं. पहिल्या दिवशी चार वाजता किल्ल्यावरून परत फिरा, पाहायचं राहिलं तरी. तेव्हा पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. दुसऱ्या दिवशी अकराच्या आत सगळे घाटात गाडीपाशी हवेत.

आई, अठरा जणांची एक वही कर: नाव, रक्तगट, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, घरचा फोन. एक प्रत ड्रायव्हरकडे, एक माझ्याकडे पाठव. आणि बूट बघून झाले की संध्याकाळी फोन करा, तळ सुटलेला असला तर रविवारी येते तेव्हा आपण दुकानात जाऊ.

तुमची लेक