सिंहांच्या झुंजीला टोळीयुद्ध म्हणू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन-तीन नर सिंह मिळून एका नराला लोळवत आहेत, अशा चित्रफिती हल्ली मोबाइलवर सर्रास फिरतात आणि त्यांवर ‘जंगलातले टोळीयुद्ध’ असा मथळा असतो. वृत्तपत्रेही तोच शब्द उचलतात. अनेक वर्षे नाशिकमध्ये जीवशास्त्र शिकवलेला शिक्षक या नात्याने या शब्दाला माझा मनापासून आक्षेप आहे.

आपल्या जिल्ह्यातील वाचकाच्या परिचयाचा बिबट्या; निफाड-सिन्नरच्या उसात तो एकटाच वावरतो. सिंहाचा नर मात्र दोन ते चार वर्षांचा झाला की जन्माच्या कळपातून बाहेर पडतो, तो बहुधा सख्ख्या-चुलत भावांबरोबर. चार किंवा अधिक नरांचा गट जवळजवळ नेहमी एकाच कळपात वाढलेला असतो. जोडीत किंवा तिघांत नात्याबाहेरचा साथीदारही आढळतो. दक्षिण आफ्रिकेतील साबी सँडमध्ये ‘मापोगो’ म्हणून गाजलेला गट सहा नरांचा होता.

हे गट इतक्या त्वेषाने का लढतात, हे छाव्यांकडे पाहिल्यावर उमगते. छावे दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत सिंहीण सहसा पुन्हा माजावर येत नाही, आणि एखाद्या गटाचा कळपावरील ताबा सरासरी दोन-तीन वर्षेच टिकतो. म्हणून नवे नर आल्याबरोबर लहान छाव्यांना मारतात. पुढे त्यांची स्वतःची पिल्ले मोठी होण्याआधी त्यांना हुसकावले गेले, तर त्या पिल्लांचीही तीच गत होते. हे वाचताना मन कळवळते, वर्गात मुलींच्या डोळ्यांत पाणी आलेले मी पाहिले आहे. परंतु यात सूड नाही, हाती असलेल्या थोड्या काळाची निकड आहे.

शिवाय बहुतेक वैर झुंजीविनाच मिटते. सिंहाची गर्जना आठ किलोमीटरपर्यंत ऐकू जाऊ शकते. हद्दीचे मालक नर गर्जतात, तर हद्द नसलेले भटके नर बहुधा गप्प राहतात. टांझानियातील सेरेंगेटी अभयारण्यात अभ्यासकांनी गर्जनांचे ध्वनिमुद्रण ऐकवले, तेव्हा एका अनोळखी आवाजाकडे चालून जाणाऱ्या सिंहिणी तीन आवाज ऐकून पुढे जायला कचरत होत्या. समोर किती जण आहेत याचा अंदाज घेऊन पाऊल उचलणारा हा प्राणी आहे.

आपल्या शेजारच्या गुजरातमधील गीरमध्येही, जिथे आसपासच्या सौराष्ट्रासह २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह आढळले, नर जोडीने हद्द राखतात. मात्र तेथे मीलनाची बहुतांश संधी जोडीतील वरचढ नरालाच मिळते, असे अभ्यासात दिसले आहे. तरीही दुय्यम नर साथ सोडत नाही, कारण एकट्याला हद्द राखणे फार कठीण असते.

आपण अशी बातमी छापाल तेव्हा दोन्ही बाजूंना किती नर होते, कळपात लहान छावे होते का आणि हरलेले नर कोणत्या दिशेला गेले, एवढी माहिती तीत अवश्य द्यावी, ही नम्र विनंती.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक
गंगापूर रोड, नाशिक