अपार्टमेंटच्या गच्च्याही वापरात आणा

महोदय,

छतावर सौर पॅनेल बसवण्याच्या ‘पीएम सूर्यघर’ या केंद्राच्या योजनेत घरगुती तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांसाठी सोसायट्यांनाही किलोवॉटमागे १८ हजार मिळतात, हे कोल्हापुरात ताराबाई पार्क, राजारामपुरीतल्या किती अपार्टमेंटना माहीत असेल? आमच्याकडे सभेत विषय निघाला की गाडी ‘गच्ची कुणाची’ इथेच अडकते. (पापड वाळवणाऱ्यांचा हक्क आधी!)

महापालिकेने महावितरणला सोबत घेऊन विभागीय कार्यालयांत महिन्यातून एक दिवस फक्त सोसायट्यांसाठी ठेवावा. ठरावाचा नमुना, नेट मीटरचा (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरचा) अर्ज, सगळे एकाच टेबलावर मिळावे. राज्य सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ या पर्यावरण अभियानात ‘अग्नी’ हा घटक ऊर्जेचाच आहे. नुसत्या भिंती रंगवण्यापेक्षा हे काम मोलाचे.

कोल्हापूरच्या पावसात पॅनेल काय करणार, असे हमखास विचारले जाते. जुलैत निर्मिती घटते, हे खरेच. मात्र जादा युनिट पुढच्या बिलात वळते होतात आणि हिशेब एप्रिल ते मार्च असा चालतो, त्यामुळे एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यात कामी येते.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर