मी होकार कळवला आहे

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती, मग मीही. म्हणून लिहिते. जिनिव्हाच्या कामाला मी होकार कळवला आहे. दिवाळी इंदूरला तुमच्याबरोबर करून निघेन, दोन वर्षांसाठी.

घाबरू नका, मला लढाईवर जायचं नाही. लष्कराच्या ताब्यात दगावलेल्या कैद्यांचे पोस्टमॉर्टेमचे कागद, फोटो, जबान्या तपासायच्या. काम बहुतेक टेबलावरचं. खोलीत हीटर आहे, स्वयंपाकघर आहे, पोह्यांवरची शेव मी इथूनच नेणार आहे.

बाबा, 'परक्यांच्या मढ्यांत कशाला हात घालतेस' असं तुम्ही म्हणालात. पण 1999 मध्ये कारगिलला पाकिस्तानी सैन्याने पकडलेल्या कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या पाच जवानांचे देह परत आले, त्या रात्री तुम्ही जेवला नव्हतात. त्यांचे वडील पुढे कितीतरी वर्षं न्याय मागत राहिले. इराकमधल्या बसऱ्याचे दाऊद मूसाही तसेच. त्यांचा मुलगा बहा हॉटेलात रिसेप्शनिस्ट होता. 2003 मध्ये ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात मारहाणीत गेला, अंगावर 93 जखमा. सार्वजनिक चौकशीचा अहवाल यायला 2011 उजाडलं. युद्धकैदी असो की डांबलेला नागरिक, संशयास्पद मृत्यूची चौकशी ताबडतोब करायची, सोबतच्यांच्या जबान्या घ्यायच्या, हे 1949च्या जिनिव्हा करारांतच आहे.

मुका मार कातडीवर उमटतोच असं नाही. पाठ, मांड्या चिरून पाहिल्या तरच आत साकळलेलं रक्त दिसतं. घाईत ते राहून जातं आणि कागदावर 'हृदय बंद पडून मृत्यू' एवढंच येतं. काय बघायचं राहिलं, हे मला कळतं, बाबा. तुम्हीच पोटाला चिमटा घेऊन शिकवलंत.

आई, मांजराचं पिल्लू मेलं तेव्हा मी 'पण का मेलं?' विचारत राहिले होते आणि तू मला मांडीवर घेऊन केस विंचरत बसली होतीस. अजूनही कधी कधी तसंच येऊन पडावंसं वाटतं गं. तुम्हाला सोडून जाणं मला सोपं नाही.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. आई, गुडघ्यांसाठी फिजिओथेरपिस्ट घरी येईल, त्याला नुसता चहा पाजून परत पाठवू नकोस. रात्री सोबतीला मावशी येतील, त्यांचे पैसे मी देणार. आणि स्कूटर विकायची. सराफ्यात जायचं तर रिक्षाने जा, वाटेल तितक्यांदा जा, पण रिक्षाने. शनिवारी येते आहे, तेव्हा स्कूटरची कागदपत्रं काढून ठेवा.

तुमची,
मिनू