आजीच्या नावाचं बक्षीस

केंब्रिज,
२ जुलै

ती. अण्णा आणि सौ. काकू यांना,
सा. न.

तुमचं पत्र मिळालं. आजीच्या नावाने आपल्या तालुक्याच्या कॉलेजात ठेव ठेवायची आणि दर वर्षी बी.एस्सी.ला गणितात पहिल्या येणाऱ्याला बक्षीस द्यायचं, हे वाचून फार बरं वाटलं. बाबांशीही बोलले. आम्ही दोघं आमचा वाटा उचलणारच, त्याची काळजी करू नका. पण ‘तुझं मत काय ते स्पष्ट कळव’ असं तुम्ही लिहिलंय, म्हणून स्पष्ट लिहिते. बक्षीस ठेवू या, गणितालाच ठेवू या. फक्त ते पहिल्या नंबराला देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून पत्र.

इथला पदवीदानाचा आठवडा नुकताच संपला. सिनेट हाउस नावाची जुनी पांढऱ्या दगडांची इमारत आहे, तिथे एकेका कॉलेजची मुलं रांगेने जातात. आधी किंग्ज, ट्रिनिटी आणि सेंट जॉन्स, मग बाकीची कॉलेजं स्थापनेच्या क्रमाने. काळा झगा, पाठीवर पांढऱ्या फरची पट्टी. चौघं-चौघं पुढे येतात, कॉलेजचे प्रीलेक्टर, म्हणजे मुलांना पदवीसाठी पुढे आणणारे शिक्षक, आपला उजवा हात पुढे करतात आणि प्रत्येक जण त्यांचं एकेक बोट धरतो. मग एकेकाने कुलगुरूंसमोर गुडघे टेकून हात जोडायचे, कुलगुरू ते हात आपल्या ओंजळीत घेऊन लॅटिनमध्ये पदवी देतात. झालं! कोणाला पहिला वर्ग मिळाला, कोणाला कुठलं पारितोषिक, याचा त्या दालनात उच्चारही होत नाही. काठावर पास झालेला आणि विषयात सर्वांत हुशार ठरलेला, दोघं त्याच हाताचं बोट धरून पुढे येतात.

बक्षिसं असतात, भरपूर असतात, पण ती वेगळ्या वाटेने येतात. विद्यापीठाची वेगळी, कॉलेजची वेगळी. कॉलेजचं बक्षीस बरेचदा पुस्तकांच्या रूपात असतं आणि ते काम आमच्या लायब्ररीतून जातं. ठरलेल्या रकमेत बसतील ती पुस्तकं मुलांनी स्वतः निवडायची. आम्ही आतल्या पानावर एक छापील पट्टी चिकटवतो. तिच्यावर कॉलेजची मुद्रा, विद्यार्थ्याचं नाव, विषय आणि वर्ष. यंदा एका मुलीने गणिताच्या बक्षिसाची सगळी रक्कम पक्ष्यांवरच्या एका जाडजूड ग्रंथावर खर्च केली. पट्टीवरची शाई वाळेपर्यंत ती टेबलापाशी उभी राहून पानं उलटत होती आणि मला एकेक चित्र दाखवत होती. रोख रक्कम महिन्याभरात संपली असती, हे पुस्तक तिच्या घरी पन्नास वर्षं राहील. त्यामुळे माझी पहिली सूचना ही, की आजीचं बक्षीस पुस्तकांच्या रूपात असावं आणि पुस्तकं मुलांनीच निवडावीत.

आता नंबराबद्दल. आपल्या आंजर्ल्याशेजारच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली इथे सीनियर रँग्लर झाले, ही गोष्ट तुम्हीच आम्हाला लहानपणी सांगितलीत. धोंडो केशव कर्व्यांनी ज्याच्या शिक्षणाची काळजी वाहिली, तो कोकणातला मुलगा फर्ग्युसनमधून सेंट जॉन्समध्ये येतो आणि गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सगळ्या विद्यापीठात पहिला येतो. बर्टविसल नावाच्या विद्यार्थ्याबरोबर तो मान विभागून मिळाला होता. सेंट जॉन्सच्या दारावरून जाताना मला अजूनही अभिमान वाटतो, आणि त्याहून जास्त अभिमान याचा वाटतो की ते परत गेले आणि फर्ग्युसनमध्ये शिकवत राहिले.

पण त्या पहिल्या नंबरापायी इथे काय काय चालायचं, हे मला इथे येऊनच कळलं. पहिल्या वर्गातल्या प्रत्येकाला एकापासून क्रम दिलेला असे आणि तो जाहीर होई. त्या क्रमासाठी मुलं खासगी शिकवण्या लावत. एडवर्ड राउथ नावाच्या एकाच शिक्षकाच्या हाताखालून दोन डझनांहून जास्त सीनियर रँग्लर तयार झाले. हुकमी प्रश्न, ठरलेल्या युक्त्या, घड्याळ लावून सराव. आपल्या क्लासवाल्यांची आठवण यावी असंच सगळं. आणि ऑनर्सच्या यादीत जो शेवटचा येई, त्याच्यासाठी मुलं सज्जातून एक लाकडी चमचा दोरीने खाली सोडत, सगळ्यांच्या देखत, भर पदवीदानात. हा चमचा वाढत वाढत वल्ह्याएवढा झाला होता. ज्या मुलाने गणितासारख्या विषयात ऑनर्स मिळवली, त्याच्या आयुष्यातल्या मोठ्या दिवशी त्याची अशी थट्टा करायची! वाचताना मला संताप आला.

१८९० साली आणखी एक घडलं. फिलिपा फॉसेट नावाच्या मुलीला सीनियर रँग्लरपेक्षाही जास्त गुण पडले. मुलींना क्रमात धरत नसत, म्हणून तिच्या नावापुढे ‘सीनियर रँग्लरच्या वर’ एवढंच वाचलं गेलं. पदवी तर नाहीच, कारण केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडलं. काकू, हे तुमच्या भाचीला जरूर सांगा.

गॉडफ्रे हार्डींसारखे गणितज्ञच या शर्यतीविरुद्ध बोलू लागले. ते स्वतः १८९८ साली चौथे आले होते. अखेर १९०९ नंतर क्रम जाहीर करणं थांबलं, चमचाही त्याच वर्षी संपला. पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर आजही म्हणतात, पण यादी आडनावांच्या अक्षरक्रमाने.

आता मुख्य मुद्दा. या परीक्षेच्या जोडीला इथे एक बक्षीस होतं आणि १९९८ पासून बदललेल्या नावांनी ते अजून दिलं जातं. ट्रिनिटी कॉलेजचे मास्टर, म्हणजे प्रमुख, रॉबर्ट स्मिथ १७६८ मध्ये वारले, त्यांनी मृत्युपत्राने विद्यापीठाला रक्कम ठेवली आणि १७६९ पासून स्मिथ प्राइझ सुरू झालं. नुकत्याच पदवीधर झालेल्यांपैकी गणितात आणि भौतिकात ज्यांनी सर्वांत प्रगती केली अशा दोघांना. सुरुवातीला त्याचीही लेखी परीक्षा असे, पण तिचे प्रश्न वेगळ्या जातीचे, विचार करायला लावणारे. गंमत बघा: १८४५ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, ट्रायपॉसला दुसरे आले आणि स्मिथ प्राइझमध्ये पहिले. १८५४ साली पुढे मोठे भौतिकशास्त्रज्ञ झालेले मॅक्सवेल दुसरे, पहिले हेच क्लासवाले राउथ, आणि स्मिथ प्राइझला मात्र दोघं बरोबरीने. त्याच वर्षीच्या स्मिथ प्राइझच्या प्रश्नपत्रिकेत इथले प्राध्यापक स्टोक्स यांनी एक प्रमेय सिद्ध करायला घातलं होतं, आज बी.एस्सी.ची मुलं ज्याला स्टोक्सचं प्रमेय म्हणून शिकतात तेच. म्हणजे बक्षिसाच्या निमित्ताने मुलांसमोर त्या काळचं ताजं गणित ठेवलं जात होतं.

१८८०च्या दशकात विद्यापीठाने स्मिथ प्राइझची ही परीक्षाही काढून टाकली. मुलाने स्वतः विषय घ्यायचा, त्यावर काम करायचं आणि निबंध द्यायचा. १९३६ साली संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या अ‍ॅलन ट्युरिंगना अशाच निबंधावर बक्षीस मिळालं. आणि १९६२ साली आपल्या जयंत नारळीकरांना! त्याआधी १९६० साली त्यांना खगोलशास्त्रासाठी टायसन पदक मिळालं होतं. वडील विष्णु वासुदेव नारळीकरही इथलेच रँग्लर. २०२५ साली २० मे रोजी पुण्यात जयंत नारळीकर गेल्याची बातमी आली, त्या दिवशी लायब्ररीत कामात माझं लक्षच लागलं नाही. शाळेत असताना तुम्ही आम्हाला त्यांच्या व्याख्यानाला घेऊन गेला होतात, ते आठवत राहिलं.

रामानुजनचं तर तुम्हाला माहीतच आहे. मद्रासकडे एफ.ए.ला, म्हणजे तेव्हाच्या इंटरच्या परीक्षेला, नापास झालेला मुलगा. त्याला केंब्रिजने १९१६ साली पदवी दिली ती संशोधनाच्या जोरावर. नंबरावर बघितलं असतं तर तो कुठेच नव्हता.

आणि चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचे. १९१२ साली मॅट्रिकला पहिले, जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्तीचे मानकरी. इथल्या जीझस कॉलेजमध्ये शिकताना त्यांना १९१७ साली फ्रँक स्मार्ट प्राइझ मिळालं, ते वनस्पतिशास्त्राचं! पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री. संस्कृतपासून झाडापानांपर्यंत सगळ्यात मन घालणारा हा माणूस नुसत्या एकूण गुणांत कसा मावेल?

म्हणून अण्णा, माझं म्हणणं असं आहे. पहिला येणाऱ्याला पहिला येण्याचं फळ मिळतंच. पेपरात फोटो येतो, पुढचा प्रवेश सोपा होतो, सत्कार होतात. आपली आणखी एक शाल त्यात घालून काय होणार? त्यापेक्षा शेवटच्या वर्षाच्या मुलांनी एक प्रश्न निवडावा आणि त्यावर दहा-बारा पानं लिहावीत. मराठीत लिहिलेलं चालेल असं नियमातच घाला, हे फार महत्त्वाचं आहे. गावाकडच्या कितीतरी मुलांना गणित येतं आणि इंग्रजीत अडतं. विषय आपल्याभोवतीच पडलेत. हर्णै बंदरातली भरतीची वेळ रोज का सरकते आणि किती? आंब्याच्या पेटीत फळं कशी लावली तर जास्त बसतात? पंचांगातला अधिक महिना कसा निघतो? आजी तिथी बोटांवर मोजायची आणि आपण उत्तर सांगितलं की ‘कसं काढलंस ते सांग’ म्हणायची. गुण किती पडले हे तिने मला कधी विचारलेलं आठवत नाही. तिच्या नावाचं बक्षीस ‘कसं काढलंस’ यालाच असावं.

तुम्ही म्हणाल, गुणांना पुरावा असतो, निबंधात वशिला शिरतो. शंका रास्त आहे. त्यावर उपाय असा, की निबंधावर नाव नको, फक्त क्रमांक. वाचणाऱ्यांत एक जण कॉलेजबाहेरचा हवा. आणि हल्ली संगणकाकडून सगळं लिहून घेता येतं, त्यामुळे निवडलेल्या तिघा-चौघांना फळ्यापाशी उभं करून वीस मिनिटं समजावून सांगायला लावायचं. ज्याने स्वतः केलंय तो आडवा प्रश्न आला तरी डगमगत नाही. तुम्ही तीस वर्षं शिकवलंत, तुम्हाला ते पहिल्या पाच मिनिटांत कळेल. एखाद्या वर्षी दोघांना विभागून द्यावं लागलं तर द्यावं. एखाद्या वर्षी कोणीच त्या तोलाचं नसलं तर ती रक्कम पुढच्या वर्षात मिळवावी. हे सगळं ठेवीच्या पत्रातच लिहून ठेवा, म्हणजे आपल्यामागे कोणी ‘सोपं म्हणून’ पुन्हा नंबरावर आणणार नाही.

पैशांचं एवढंच: नुसत्या व्याजावर विसंबू नका. व्याजाचे दर उतरतात, पुस्तकं महाग होतात, आणि पंधरा वर्षांनी बक्षिसाच्या पाकिटात एका पुस्तकाचेही पैसे उरत नाहीत. व्याजातला थोडा भाग दर वर्षी मुद्दलात घालायचा, अशी अट टाका. बँकेतल्या बाळूकाकांना विचारलंत तर ते नीट शब्दांत मांडून देतील. शिवाय माझ्याकडून दर वर्षी जूनमध्ये वेगळी रक्कम येईल, ती थेट पुस्तकांना.

पुस्तकात चिकटवायच्या पट्ट्या मी इथे चांगल्या कागदावर छापून डिसेंबरात येताना घेऊन येते. नमुना पुढच्या आठवड्यात पाठवते, देवनागरी अक्षरं कशी दिसतात ते बघून कळवा. फक्त एक गोष्ट तुम्ही आणि काकूंनी ठरवायला हवी: पट्टीवर आजीचं नाव लग्नानंतरचं घालायचं की माहेरचं? शाळेच्या दाखल्यावर तिचं माहेरचं नाव आहे आणि चौथीपर्यंतचं सगळं गणित तिने त्याच नावाने केलं. मला दोन्ही घालावीशी वाटतात. आत्यालाही विचारा आणि प्राचार्यांना भेटायच्या आधी मला कळवा.

तुमची,
मनू